मानपत्राची सात पानं

सांगलीच्या एका डॉक्टरांचा सत्कार पलूसला ठरला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळामास्तराचं अक्षर आणि विशेषणं, दोन्ही फुकट मिळतात. मी लगेच हो म्हणालो. माझा धाकटा भाऊ त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशनच्या खोलीत कामाला होता, हे समितीतल्या कुणाला आठवलं नाही.

तो तिथं असताना भुलीचं एक नवं इंजेक्शन आलं होतं. माणूस उघड्या डोळ्यांनी पडून राहतो, शरीर मात्र त्याचं उरत नाही. रविवारी दुपारी डॉक्टर आणि त्यांचे दोन प्रतिष्ठित मित्र ते थोडं थोडं टोचून घेत आणि आत्म्याविषयी बोलत. एका रविवारी त्यांनी भावालाही टोचलं. "घे रे, फुकटात स्वर्ग बघून ये." सुया उकळायचा स्टो शेजारीच पेटलेला होता.

"दादा, हात जळताना दिसत हुता," तो मला नंतर म्हणाला, "पर त्यो माझा हाय असं वाटंनाच."

उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली. वर डॉक्टरांनी औषधं चोरल्याचा आळ घालून त्याला काढून टाकलं. त्यानंतर त्याला कुठल्याच दवाखान्यानं दारात उभं केलं नाही.

सत्काराच्या सुमारास डॉक्टर रोज टोचून घेत होते. त्यांच्याच कंपाउंडरनं मला सांगितलं. पेशंटची नावं विसरत, जिना उतरताना भिंत धरत. त्या औषधानं मूत्राशयही खाल्लं होतं; लघवी तर पंधरा मिनिटंही थोपवता येत नसे, कधीकधी रक्त जाई.

मानपत्र वाचून होईपर्यंत सत्कारमूर्तीनं शाल पांघरून, नारळ हातात धरून उभं राहायचं, अशी आमच्याकडची रीत. मी सात पानं लिहिली.

सावकाश वाचली. दोन पानं त्यांच्या घराण्यावर, एक कृष्णाकाठावर. चौथ्या पानावर डॉक्टर या पायावरून त्या पायावर होऊ लागले.

"आवरा आता, गुरुजी," ते पुटपुटले.

"मुख्य भाग पुढंच आहे, साहेब."

पाचव्या पानावर त्यांची पांढरी विजार भिजली. नारळ अध्यक्षांच्या मांडीवर टाकून ते मंचावरून उतरले. मी थांबलो नाही. सातव्या पानावर रविवारची दुपार होती, स्टो होता, आणि औषधं कोण टोचून घेत होतं तेही होतं. सगळं गाव ऐकत होतं.

भाऊ मागच्या रांगेत बसला होता. घरी येताना म्हणाला, "दादा, पाचव्यावरच थांबायचं हुतंस. मानूस आजारी हाय."

"तुझं नाव सातव्यावर होतं," मी म्हणालो.