सांगणाऱ्याचं नाव

नव्या गावात शिरलं की आमचे कोशमामा देऊळही विचारत नसत, चावडीही नाही. ते विचारायचे, "इथं सगळ्यात जास्त बडबड कोण करतं?" आणि त्या माणसाच्या ओसरीवर जे बसायचे ते दिवस कलेपर्यंत. हैदराबादेतली चांगली चालणारी वकिली त्यांनी अशी ओसऱ्या-ओसऱ्यांवर घालवली. संस्थानातल्या मराठी मुलखाचा एक कोश करायचा, त्यात बारवा, जत्रा, लग्नातली गाणी, सगळं यायला हवं, एवढाच ध्यास. मामी म्हणायची, "यांनी कोशाशीच लग्न लावायचं, मी उगीच मध्ये आले."

नारायणगुड्यातल्या त्यांच्या घरी मी शाळा सुटल्यावर जायची. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून नोंदी सुवाच्य करायचं काम मामांनी माझ्या गळ्यात घातलं. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि आळी हवीच. मी एकदा कंटाळून ते गाळलं, तर केवढे उखडले! "नाव नाही ती बाजारगप्पा. उद्या कुणाला शंका आली तर त्याला जाऊन विचारता आलं पाहिजे."

मामांचा सगळ्यात लाडका सांगणारा म्हणजे गणू मास्तर, एका खेड्यातले शिक्षक. गावकऱ्यांनी एका जुलमी ठाणेदाराला कसं पळवून लावलं, तो पोवाडा ते खड्या आवाजात म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. छपाईला सरकारी परवानगी लागे. मामांनी नमुन्यासाठी निवडक पानांची नक्कल पाठवली, त्यात तो पोवाडा होता. खाली मास्तरांचा पत्ता इतका चोख, की आंधळ्यालाही घर सापडावं. मामांना त्याचाच अभिमान.

दिवस वाईट होते. लोक ऊन उतरताच दारं लावत, आणि रस्त्यानं बूट वाजत गेले की घराघरांतली बोलणी थांबत. अशाच एका दुपारी कोतवालीचे अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, आले. माणूस मोठा अदबशीर. चहा घेतला, मामीच्या चकलीची तारीफ केली आणि नमुन्याची पानं मांडीवर ठेवून म्हणाले, "वकीलसाब, किताब क्या, खजाना है! नामां हैं, पते हैं. हमारे लोगां को जाके पूछना आसान हो गया."

मामा सवयीनं "शुक्रिया" म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाकी किताब जुमेरात को मंगवाता," असं सांगून अमीनसाहेब उठले. ते दिसेनासे झाल्यावर मामा हळूच म्हणाले, "इतकी वर्षं वाचक शोधत होतो गं. हा पहिला मिळाला."

त्यांनी मास्तरांना सावध करायला संध्याकाळच्या गाडीनं आपल्या जुन्या कारकुनाला धाडलं आणि मामीची कात्री मागून घेतली. दोन दिवस आम्ही पानांचे तळ कापत होतो. नावांच्या पट्ट्या मामी न्हाणीघरातल्या बंबात टाकायची, पण मामा आधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत. मला रडू आवरेना. मी म्हटलं, "मामा, मग कोशाला आधार काय राहिला?"

"नक्को मला आधार. माणसं राहू देत."

गुरुवारी शिपाई तो बिननावांचा कोश घेऊन गेला. काही दिवसांनी छपाईला मनाई असा शिक्का बसून तो परतही आला. कारकून मात्र त्याआधीच परतला होता, मास्तरांच्या भावाला बरोबर घेऊन. भाऊ उंबऱ्यातच उभा राहिला. "वकीलसाहेब, ठाण्याची माणसं दादाला घेऊन गेली. पुस्तकातलं थोडं विचारायचंय, म्हणाली." मामांनी किती ठाण्यांच्या पायऱ्या झिजवल्या! जिथं तिथं एकच उत्तर, असा माणूस इथं आलाच नाही.

उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं, तेव्हा मास्तर सापडले.

निरोप आला त्या दिवशी मामा जेवले नाहीत. कपाटातून त्यांनी पोवाड्याचं पान काढलं, दौत जवळ ओढली आणि कापलेल्या कडेला अगदी लागून लिहायला लागले. मास्तरांचं पूर्ण नाव, गाव, आळी. मी घाबरून दाराकडे पाहिलं. "मामा, अहो, नावं लिहायची नाहीत ना आता?"

त्यांनी शाई वाळू दिली.

"याचं लिहायला हरकत नाही," ते म्हणाले. "याला आता कोण जाऊन विचारणार?"