रिह्याची कागदी दुर्बीण

कांबळे सरांचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही पौडजवळच्या रिहे गावच्या शाळेत एकत्र होतो. ते गणिताला, मी मराठीला. आजही जुने सहकारी भेटले की एकाने एक काढायचा, लगेच दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि चहा गार होतो.

सर म्हणायचे, "आकाश बघायला डोळे लागतात, कळायला गणित लागतं." माझे डोळे चांगले होते.

*

सरांनी पटांगणात काठी रोवली. सावली सगळ्यात आखूड होईल ती खरी दुपार. ती झाली तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. देशाचं घड्याळ अलाहाबादकडच्या रेखांशावर चालतं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो, हे सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं. हेडसरांना पटलं. इतकं पटलं, की त्यांनी शाळेचं घड्याळ अर्धा तास मागे केलं.

संध्याकाळी आम्ही सूर्याच्या वेळेने सुटलो आणि एसटी सरकारी वेळेने निघून गेली! पौडपर्यंत चालताना सरांशी कुणी बोललं नाही.

*

मग त्यांनी सावलीवरून समोरच्या डोंगराची उंची काढली. बांधावरून शेजारच्या शेतातला धोंडिबा बघत होता.

"सर, मंग ढगाळ दिवशी डोंगार नसतो व्हय?"

"असतो," सर म्हणाले. "पण परीक्षेत येत नाही."

*

एकदा पौर्णिमेला, दिवेलागणीच्या वेळी, सरांनी शर्टाचं बटण तोडून माझ्या हातात दिलं. डोळ्यापासून बटणाच्या रुंदीच्या शंभरेक पट लांब ते धरलं, की चंद्र बरोबर झाकला जातो. मी धरलं, सरांनी एक डोळा मिटला, चंद्र गेला. चंद्राचं अंतर कळलं, की याच हिशोबाने त्याची रुंदीही कळते म्हणे. मला गंमत वाटली, सर मात्र तासभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला, "चंद्र मोजून झाला असेल तर बटण पाठवा."

*

तपासणीला साहेब आले. "दुर्बीण नाही, मग खगोल कशाने शिकवता?"

सरांनी लॉगटेबल पुढे केलं. साहेबांनी ते डोळ्याला लावलं नाही, एवढंच नशीब. ते गेल्यावर सरांनी शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली, "दुर्बीण, कागदी, एक."

*

आणि ते मोठं सूर्यग्रहण.

नववीतली सुनंदा ही सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. ग्रहणाच्या दोन दिवस आधी तिचे वडील, तात्या, शाळेत आले. "लगीन बगायचं हाय. पोरीचा दाखला द्या." हेडसरांनी सोमवारी बोलावलं. सरांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, कारण वर्गात सरांना अडवणारी ती एकटीच होती.

पंचांगात मुंबईची आणि पुण्याची वेळ होती. सुनंदाने त्रैराशिक मांडून रिह्याची काढली. ग्रहण सुटणार, चार एकावन्नला. सरांनी स्वतःचं मनगटी घड्याळ तिला दिलं.

सोमवारी तात्या आले, पण बसले नाहीत.

"आमी दारं-खिडक्या लावून घरात बसलो व्हतो. तर कौलांच्या फटीतनं भुईवर कवडसे पडलेले, समदे इळ्यावानी वाकडे. पोरगी म्हनली, तात्या, ह्ये गिरानच हाय. घड्याळ फुडं ठिवून बसली. म्हनली, चार एकावन्नला गोल व्हतील."

"झाले?" सरांनी विचारलं.

"झाले की. आमच्या म्हातारीनं, माज्या आयनं, तिच्याच शब्दावर आंगुळीचं पानी तापत ठिवलं."

हेडसरांनी लिहून ठेवलेला दाखला पुढे केला. तात्यांनी हात लावला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. म्हातारी इचारतीया, फुडलं गिरान कदी. पोरगी म्हनती, त्याचं गनित धाव्वीच्या फुडं हाय."