मागाखालची माती

आंधळगावच्या इश्वर कोष्ट्याने एक अवकाशयान बांधलं होतं. बापाच्या मागावर बसून, धोटा फेकता फेकता, तोंडानेच. वाचनालयातल्या जुन्या मासिकांनी त्याला हा नाद लावला. सगळं गाव त्या यानात बसून दुसऱ्या ताऱ्याकडे निघणार होतं.

शेजारचा नंदलाल मराठी घेऊन बी.ए. झालेला. नोकरी नव्हती. रोज दुपारी तो यायचा आणि यानावरून इश्वरशी वाद घालायचा.

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मात्र त्या घरात निराळाच पेच होता. हातमागाला सूत मिळेनासं झालं होतं. इश्वरची बायको मंदाबाई हिच्या भावाने नागपूरला पॉवरलूमवर त्याच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. सोमवारी तो उत्तर घ्यायला येणार होता. इश्वर हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. यानाबद्दल बोलत होता.

“किती मोठं म्हणता, भाऊ?” नंदलालने विचारलं.

“एस.टी.च्या शंभरपट लांब, शंभरपट रुंद, शंभरपट उंच.”

“आन वजन?”

“दहा हजार एस.टी.चं.”

नंदलाल हसला. “तुमी कापड मोजून राहिले, भाऊ! लांबी धरली, पन्हा धरला. उंची काहून सोडली? दहा लाख होते.”

इश्वरचा पाय पावडीवर थांबला. “दहा लाख? मंग उडन का ते?”

“पोकळ असन तं पाहू. तुमी तं त्याच्यात माती भरून ठेवली.”

माती होती खरी. यानात प्रत्येक घराला माग होता, आणि इश्वरचा माग म्हणजे खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसणार, पाय खड्ड्यात सोडणार. म्हणून यानाच्या तळाला कमरेइतकी माती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“माती फेका. लोखंडी माग बसवा.”

“मंग मी पाय कुठं सोडू?”

मंदाबाई कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होती. तिने चरखा थांबवला.

“नंदलालभाऊ, यायले एक विचारा. आपली पोरगी विजयमाला यानात बसते का मातीत राहते?”

नंदलालचं हसू गेलं. इतके दिवस आपण कशाचं वजन करत होतो, ते त्याला आत्ता कळलं.

इश्वरने धोटा खाली ठेवला.

“मातीसंगं मी उतरतो,” तो म्हणाला. “तुमी दोघी जा. तेवढंच हलकं होईन.”

“सोपं हाय का ते?” मंदाबाईने विचारलं.

“नाई.”

मंदाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा चरखा धरला.

सोमवारी भाऊ आला. दुपारच्या गाडीने मायलेकी त्याच्याबरोबर गेल्या. ट्रंक नंदलालने टपावर चढवून दिली. इश्वर घराबाहेर पडला नाही. नंदलाल परतला तेव्हा तो खड्ड्यात पाय सोडून बसला होता. माग बंद होता.

“पोरीले बसाले जागा भेटली का?”

“भेटली,” नंदलाल म्हणाला. “खिडकीजवळ.”

विजयमाला उभीच गेली होती.