प्रबंधांची खोली आणि परीक्षा विभागाचे गठ्ठे

ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा किस्से लवकर साचतात. त्यांना ना मंजुरी लागते, ना टेंडर! आमचं जळगावचं विद्यापीठ तेव्हा नवंनवं होतं आणि मी प्रबंधांच्या खोलीत सहायक होते. कुलसचिवांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत वाचक दिसले नाहीत, तर खोली परीक्षा विभागाला!" म्हणजे तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि आमचे प्रबंध गोदामात वाळवीच्या तोंडी. माझी झोपच उडाली होती.

*

आमच्या ग्रंथपाल सरांनी प्रबंध लावले होते पीएचडीच्या मार्गदर्शकांच्या, म्हणजे गाईडच्या ज्येष्ठतेप्रमाणे. ज्येष्ठ वरच्या फळीवर, कनिष्ठ खाली. कुणाचा मान दुखवायचा नाही! धुळ्याहून एसटीनं एक मुलगी आली.

"केळीच्या रोगांवर काही आहे?"

"गाईड कोण?" सरांनी विचारलं.

"तेच तर शोधतेय, सर!"

बिचारी हात हलवत परत गेली. असा संताप आला मला! दुसऱ्या दिवशी मी सगळे प्रबंध विषयवार लावले आणि कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या.

*

एक गाईड अधूनमधून यायचे. वाचायला नाही, आपल्या विद्यार्थ्याचा प्रबंध वरच आहे ना, ते बघायला! चिठ्ठ्या पाहून भडकले.

"माझा विद्यार्थी कापसाच्या किडींत?"

"सर, विषय तोच आहे."

*

खोलीत प्रवेश फक्त नोंदणी झालेल्या संशोधकांना. पारोळ्याच्या एका शेतकरी आबांना सरांनी दारातच अडवलं. आबा गरजले, "मन्हा वावरमा बठ्ठा अभ्यास व्हयना, अन मीच वाचू नही?"

त्यांच्याच शेतात सगळा अभ्यास झालेला, आणि वाचायची बंदी त्यांनाच! मी खुर्ची सरकवली. त्यानंतर दार कुणालाच बंद राहिलं नाही.

*

दिवाळीच्या तोंडावर कुलसचिव पाहणीला निघाल्याचा निरोप आला. खोली भरलेली! मी मनातल्या मनात हात जोडले. पण सर धावत आले.

"साहेब येताहेत, गर्दी नको! सगळ्यांना बाहेर काढा!"

"अहो सर, साहेब वाचकच बघायला येताहेत!"

"आधी शिस्त!"

वाचक उठले. हातातला प्रबंध मात्र कुणी ठेवला नाही, आणि मीही मागितला नाही.

कुलसचिव आले. चकचकीत टेबलं, रिकाम्या खुर्च्या.

"वाचक कुठायत?"

सर छाती काढून म्हणाले, "साहेब, आपल्याकडे शिस्त कडक! एकही प्रबंध या खोलीबाहेर जात नाही!"

कुलसचिव खिडकीशी गेले. बाहेर पायऱ्यांवर, सायकल स्टँडच्या कठड्यावर, भर उन्हात माणसं मांडीवर प्रबंध उघडून बसली होती. सर पांढरेफटक पडले.

"कारवाई करतो साहेब! आत्ताच्या आत्ता!"

"करा," कुलसचिव म्हणाले. "आधी त्यांना आत बोलवा, खुर्च्या द्या. मग परीक्षा विभागाला कळवा, गठ्ठे तिकडेच ठेवा म्हणावं."