पिसं कुणाची घातलीस?

मुलाकडे जर्मनीत रेगेन्सबर्गला आल्यापासून मी इथल्या एका छोट्या संग्रहालयात हौसेने जुन्या फोटोंच्या पाट्या लिहितो. अमेरिकेतल्या क्रो जमातीच्या फोटोंत कुणाच्या डोक्यावर पिसं दिसली, की मी खाली बेधडक ‘सरदार’ लिहीत आलो.

एका धुकट दुपारी त्याच जमातीतली एक पाहुणी आली. प्रत्येक फोटोपुढे ती मान तिरकी करून थांबायची, जणू आतून कुणी हळू बोलतंय. एका सरदारासमोर मात्र ती खुदकन हसली. “काय रे, पिसं कुणाची घातलीस?”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पिसं फोटोवाल्याची, सगळ्यांना तीच. कान बघा, थेट माझ्या भावाचे! हा आमच्या आजोबांचा चुलतभाऊ, घोड्याला घाबरायचा. आमच्यात चुलतभावंडांनी एकमेकांना चिडवायचंच असतं. आजोबा गेले, म्हणून आता मी चिडवते.”

सगळ्यांच्या डोक्यावर तीच पिसं आहेत, हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्याचं नाव तिने सावकाश, दोनदा सांगितलं. मी ते लिहिलं आणि बाकीच्या खोट्या पाट्या उतरवल्या.

आता सकाळी दालन उघडलं, की ते बाकीचे काचेतून माझ्याकडे बघत असतात. आपल्याला चिडवणारं कुणी कधी येणार, असं विचारत असल्यासारखे.