सोडलेल्या सात चिंबोऱ्या

‘वेल्स’ हा शब्द आमच्या आळीत चार तऱ्हांनी बोलतात. सीताबाई आजी म्हणते ‘वेल’. ऐकणाऱ्याला वाटतं, तिची धाकटी सून दर्शना काकडीसारखी वेलावर लागलीय. थोरला मुलगा नाथाकाका डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून येतो आणि जांभईतच ‘येऽऽल्स’ म्हणतो. दर्शनाकाकी फोनवरून तो शब्द जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखा म्हणते. आणि नाथाकाकाची बायको वनिताकाकी तो शब्द तोंडातच आणत नाही. ती म्हणते ‘तिकडं’. म्हणताना हनुवटी अशी उडते की आरशासमोर तीन दिवस सराव केल्यावर कुठे मला ते जमलं.

वनिताकाकी आमची शेजारीण. धरमतरच्या खाडीत खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, तिच्याइतक्या कोणी धरत नाही. ओहोटी लागली की लोखंडी आकडी घेऊन मांडीभर चिखलात उतरते. बिळाचं तोंड बघूनच सांगते, “बाई घरातच हाय.” आकडी आत, चिंबोरी बाहेर, दोन्ही डेंग्यांना, म्हणजे नांग्यांना, सुतळी, की बादलीत. बावीस वर्षं हेच. दर रविवारी घरात चिंबोऱ्यांचं कालवण. सासू डेंगे फोडते, चोखते, बोटं चाटते आणि शेवटी म्हणते, “मीठ जरा कमी हाय.”

दर्शनाकाकी तीन वर्षांपूर्वी नर्स म्हणून तिकडं, ब्रिटनमधल्या वेल्सला, गेली. या मे महिन्यात नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या मुलाला, निहारला, घेऊन तिथल्या समुद्रकाठी सुट्टीला गेली आणि रोज व्हिडिओ यायला लागले. वनिताकाकीने एकही चुकवला नाही. रंगीबेरंगी घरांची रांग बघून म्हणाली, “आपली अंगनवाडी पन अशीच रंगवलीय.” किल्ला बघून म्हणाली, “हितं काय किल्ले कमी हायत?” बोटीतून काढलेला सील बघितला. “कुत्रा भिजलाय.”

मग तो व्हिडिओ आला. निहार धक्क्यावर बसलाय. दोरीला मटणाचा तुकडा बांधून पाण्यात सोडलाय. ओढली तर टोकाला खेकडा, लिंबाएवढा! सगळे टाळ्या वाजवतात. असे चार खेकडे बादलीत जमले, त्यांचे फोटो निघाले आणि मग बादली परत समुद्रात उपडी!

सीताबाईने फोन घेऊन अख्खी आळी पालथी घातली. “माझ्या नातवानं धरली! सहा वर्साचा हाय!”

“ती चिंबोरी नाय, चिंबोरीचं प्वार हाय,” वनिताकाकी म्हणाली.

“जळतेस तू, वने.”

“जळतेच! बावीस वर्सं धरते, माझा एक तरी फोटू काडला कोनी?”

“तू कामाला जातेस गो. ती लोकं सुट्टीवर हायत.”

वनिताकाकी गप्प झाली की भांडी बोलतात. त्या संध्याकाळी आमच्या घरापर्यंत बोलत होती.

रविवारी सकाळी ती दारात उभी. दिवाळीतली जांभळी साडी, तोंडाला पावडर, हातात बादली. आकडी नाही, नुसती दोरी आणि कोंबडीचे पाय. मला म्हणाली, “चल गो, फोन घे. माझा पन काड. हसतानाचा काड.”

धक्क्यावर पाय सोडून बसली. एक आली, दोन आल्या, सात आल्या. शेवटची तर ताटलीएवढी, पोटाशी लाख, म्हणजे केशरी गाभोळी, भरलेली. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. काकीने कॅमेऱ्याकडे बघून निहारसारखे दात दाखवले आणि बादली उपडी केली.

“जा गो बायांनो! आज मी सुट्टीवर हाय!”

मी व्हिडिओ तिथूनच दर्शनाकाकीला पाठवला.

आम्ही काकीच्या घरी आलो तर सीताबाई वाटण वाटून बसली होती. तिने व्हिडिओ बघितला. “सोडल्यास? लाखेच्या?” तिने छातीला हात लावला. “अगो, तुझ्या डोक्याला ऊन लागलं काय?”

“सुट्टीवाली लोकं सोडतात. तुमीच दाखवलंत ना सगळ्या आळीला?”

शेवटी त्या वाटणात अंडी पडली. नाथाकाका अंडं उलटं-सुलटं करून बघत होता, कुठे डेंगा लपलाय का म्हणून. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला.

दर्शनाकाकी. हातात कोरडा पाव. आवाजात आज खडीसाखर नव्हती.

“ताई, खरंच सोडल्यास? इकडं सगळेच सोडतात म्हनून आमी पन सोडतो. निहार बादली ओततो ना, तवा मी पाठ फिरवते. बघवत नाय गो. तीन वर्सं झाली चिंबोरी चाखून. तुमी दर रविवारी खाता, आनि मी हितं पाव चावते.” मग हळूच, “खरं सांग. दोन तरी ठेवल्यास ना? आज कालवन केलंयस ना?”

वनिताकाकीने पातेल्यातल्या अंड्यांकडे बघितलं. मग हनुवटी उडाली.

“सगळ्या कशा सोडीन? येडी हाय काय मी? दोन मोठ्या ठेवल्या. लाखेनं फुटतायत नुसत्या.”

मला वाटलं, आता सासू हे खोटं चव्हाट्यावर आणणार. सीताबाईच्या गालात अर्धं अंडं होतं. तिने ते गिळलं, फोन ओढून घेतला, आढ्याकडे वळवला आणि आपली पाची बोटं एकेक करून चोखली. चुप्. चुप्. चुप्. आवाज पार वेल्सपर्यंत जावा असा.

“बोटं सोडवत नायत गो दर्शने! काय हात हाय थोरलीचा!”

तिकडून बारीक आवाज आला, “आनि मीठ?”

सीताबाईने वनिताकाकीकडे बघितलं.

“मीठ एकदम बराबर हाय.”

वनिताकाकीने सासूच्या ताटात आणखी एक अंडं वाढलं.