लाकडाचा ब्रश, लोखंडाचा ब्रश

बातमी आली तेव्हा मी लग्नाच्या ब्लाऊजचा गळा कापत होते. मीनाचा फोन. मीना म्हणजे माझ्या शेजारच्या दुकानातल्या वासुभाऊंची एकुलती एक लेक, नागपूरला असते. "काकू, बाबा गेले," ती म्हणाली. मी कात्री हातात धरूनच विचारलं, "कुठे गेले?" वेड्यासारखंच विचारलं. पलीकडून ती रडायला लागली तेव्हा कळलं. दुपारी जेवून जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत... आता या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहायला बसायचं रोज पुढे ढकलत होते. लिहिणं हा माझा धंदाही नाही. पण त्यांच्याबद्दल लोक जे बोलतात ते अर्धवट बोलतात, म्हणून लिहिते आहे.

साकोलीत हायवेच्या कडेला आमची दुकानं लागून होती, मध्ये टिनाची भिंत. इकडे माझं शिलाईचं, तिकडे त्यांचं. पाटी नव्हती, पण सगळे त्यांना ब्रशवालेच म्हणायचे. ग्राइंडरला नाहीतर ड्रिल मशिनला गोल ब्रश लावायचा आणि जुनं लोखंड, जुनं लाकूड घासून पुन्हा उजेडात आणायचं, हे त्यांचं काम. फाटकं, खिडक्यांचे गज, कुलरचे स्टँड यायचे; त्यांचा गंज काढायला वाटीसारखा तारेचा ब्रश. लाकडाला नायलॉनचा, त्याच्या जाड केसांत पॉलिश पेपरासारखी खरखर असते. तो फिरवला की लाकडाचा मऊ भाग झिजतो आणि रेषा वर उठून येतात. जुन्या दारावर अशा रेषा उमटल्या की वासुभाऊ स्वतःच मागे सरून बघत बसायचे आणि मला हाक मारायचे, "टेलरबाई, या पाहायले! असं काम भंडाऱ्यात होत नाही, नागपुरात होत नाही!" बढाई मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

भांडण तर आमचं रोजचं. त्यांचं मशिन सुरू झालं की गंजाचा तांबडा भुगा टिनाच्या फटीतून थेट माझ्या टेबलावर. "अहो वासुभाऊ, हे अस्तर पांढरं होतं!" मी ओरडायची. तिकडून उत्तर यायचं, "आता बदामी झालं. नवीन फॅशन आली म्हना गिऱ्हाइकाले." गिऱ्हाइकांनाही ते सोडत नसत. घासून दिलेल्या सागवानाला ऑइल पेंट मारतो म्हणणाऱ्या एका माणसाला त्यांनी दुकानातून हाकललं होतं. "रंगच फासायचा होता तं माझ्याकडे कायले आणलं? चुना मारा ना त्याले!" तो माणूस दार घेऊन गेला, आणि चार दिवसांनी रंग न मारता तेलपाणी करून लावलं म्हणून सांगायला आला. वासुभाऊंनी त्याला चहा पाजला. चहा अर्थात माझ्या दुकानातून गेला.

एक मात्र होतं. डोळ्यांवर चष्मा चढवून, तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय ते मशिनला हात लावत नसत. जुन्या ब्रशाची तार कधी सुटेल आणि कुठे घुसेल याचा नेम नसतो. डोळे बाहेरून एवढे जपले आणि काचबिंदू आला आतून. कळेपर्यंत उशीर झाला होता. थेंब टाका, आहे तेवढी नजर टिकवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे त्यांनी मला सांगितलं, घरी नाही. "मीनाले समजलं तं ती मले नागपूरले घेऊन जाईन. दुकान बंद, मानूस बंद. तिथं मी गॅलरीत बसून काय करू, कबुतरं मोजू? तुमी फक्त येऊन पाहून देत जा, टेलरबाई. बाकी माझा हात पाहून घेते."

मग ते टिन वाजवायचे आणि मी मशिनवरून उठून जायची. लाकडाचं काम त्यांना अंगठ्याने कळायचं. डोळे मिटूनही सांगायचे, इथे खरखर राहिली, इथे जास्त घासलं गेलं. गंजाचं तसं नाही. वरून गुळगुळीत लागतो आणि सांध्याच्या कोपऱ्यात तांबूस राहून जातो. तो मी बघायची. "खाली, डावीकडे. अजून. हां, तिथे." कधी गिऱ्हाईक समोर असलं तर मी उगाच सुई मागायला गेल्यासारखी जाऊन, बोलता बोलता बोट ठेवून यायची. काय सांगू, माझी शिलाई राहून जायची, गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खायची. चिडायचीही. पण त्यांचं दुकान बंद पडलेलं मलाही बघवलं नसतं.

तारेचा ब्रश दोन कामांना वापरायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. नक्षीत रुतलेली काजळी काढायला लाकडालाही तारेचाच ब्रश लागतो, पण पितळी तारेचा. लोखंडावर फिरलेल्या ब्रशात लोखंडाचा भुगा बसतो. तो सागवानावर चालवला तर भुगा लाकडात शिरतो आणि पाणी लागलं की निळेकाळे डाग पडतात. म्हणून लाकडाचे ब्रश उजव्या भिंतीवर, लोखंडाचे डाव्या. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. शकुवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळे ब्रश उतरवले, पुसले, पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पूजा झाल्यावर जिथे खिळा दिसला तिथे टांगले. वासुभाऊंच्या हातमोज्यातून पितळी तार काय, लोखंडी तार काय, सारखीच लागते. फरक फक्त रंगात.

दिघोरीच्या एका शेतकरी कुटुंबाचा सागवानी देव्हारा आला होता, दिवाळीच्या आधी हवा म्हणून. समईच्या काजळीनं आणि तेलानं काळा झालेला. वासुभाऊंनी तो मन लावून घासला. मी पाहिलाही, कोरडा होता तोवर मलाही काही दिसलं नाही. मग त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला आणि दुकान बंद केलं. सकाळी ती मंडळी न्यायला आली तर देव्हाऱ्याच्या कमानीवर सगळीकडे शाई सांडल्यासारखे डाग. म्हातारी आजी नुसती बघत राहिली. तिचा मुलगा मात्र भडकला. वहिनी नेमक्या डबा घेऊन आल्या होत्या. डाव्या भिंतीवर पिवळा ब्रश टांगलेला पाहून त्यांच्या सगळं लक्षात आलं. "माझ्या हातानं झालं जी," त्या म्हणाल्या, "दसऱ्याले मीच अदलाबदल केली." तो माणूस त्यांच्यावरच उलटला. "बाईच्या हाती हत्यारं देता कायले? कवडीची अक्कल नाही का? देवाचं वाटोळं केलं!" वहिनी पदर तोंडाला लावून मान खाली घालून उभ्या.

वासुभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चाचपून ठेवला, ते सगळ्यांना दिसलं. म्हणाले, "तिले काही म्हनू नका. तिनं कुठंही टांगला असता तरी मले रंग पाहून वळखता आला पायजे होता. मले दिसत नाही... लय दिवसापासून दिसत नाही."

बाप्पा! ज्या गोष्टीसाठी मी एवढी धावपळ केली, ती त्यांनी भर बाजारात सांगून टाकली. मग आजीच म्हणाली, "लिंबू चोळून पाहा जी." मी लिंबं आणली. आजी, वहिनी, मी, आणि तो भडकलेला मुलगासुद्धा, सगळे चोळत बसलो. डाग फिके झाले, गेले नाहीत. आजीनं देव्हारा तसाच गाडीत ठेवायला लावला. "राहू द्या," म्हणाली, "एवढ्या वर्साची काजळी खाल्ली आमच्या देवानं, हे काय मोठं!"

गोष्ट मीनापर्यंत गेलीच. ती आली, बोलली, रडली. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली की नागपूरला जायचं ठरलं. वासुभाऊ भांडले नाहीत, याचंच मला वाईट वाटलं. भांडायला हवं होतं. नंतर ते दुकानात येऊन नुसते बसायचे, काम घ्यायचे नाहीत. टिन वाजायचं बंद झालं. आणि नागपूरला जायची वेळ काही आली नाही...

परवा वहिनींकडे गेले होते. दुपारची वेळ, त्या जेवायलाच बसत होत्या. माझ्या मनात ते ओझं होतंच, म्हणून म्हटलं, "वहिनी, मला माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांचं. तुमच्यापासून लपवलं."

त्या भात वाढत होत्या. हात थांबला नाही. "मलेही माहीत होतं व," त्या म्हणाल्या. "ज्याच्या ताटात रोज वाढतो त्याचं समजत नाही का? भात सोडून रिकाम्या जागी हात जाये त्याईचा. मीनालेही समजलं होतं. मीच तिले म्हनलं, बाबाले सांगू नको आपल्याले माहीत हाय म्हनून. काम करू दे."

म्हणजे आम्ही सगळ्याच... आणि त्यांना वाटत राहिलं की त्यांनी आमच्यापासून केवढी मोठी गोष्ट लपवली आहे.

"मग त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?" मी विचारलं. "म्हणायचं होतं, मला माहीत आहे."

"काहून म्हनू?" वहिनी म्हणाल्या. "जलमभर त्याईनं कोनासमोर हार नाही मानली. माझ्यासाठी मानली. तेबी चार लोकाईत. मी माहीत हाय म्हनली असती तं त्याची किंमत राहिली असती का?"

मग त्यांनी भाजी वाढली, लोणचं वाढलं, ताट माझ्यासमोर सरकवलं. आणि माझ्याकडे न बघताच, सवयीनं म्हणाल्या, "चटणी उजवीकडे हाय, जी."

मला त्या 'व' म्हणतात; हे 'जी' वासुभाऊंच्या ताटाचं होतं... त्यांच्याही लक्षात आलं. मी उजवीकडची चटणी घेतली आणि जेवायला लागले.